एका कामाचे दोन धनी

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेतील या पुष्पाचा विषय फलकावर लागला तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या. मराठी शिकवणाऱ्या बाईंनी संतसाहित्यावर बोलावे, फार तर शुद्धलेखनावर बोलावे. संगणकाच्या सर्व्हरवर त्यांनी काय म्हणून बोलावे? प्रश्न रास्त आहे. हीरक महोत्सवी निधीतून करावयाच्या कामांच्या यादीत ‘नवा व मोठा सर्व्हर’ ही मागणी अगदी वरच्या क्रमांकावर आहे, आणि संस्थेने तिच्यावर माझा लेखी अभिप्राय मागितला आहे. अभिप्राय द्यायचा तर आधी वस्तू समजून घेतली पाहिजे. म्हणून गेले काही महिने मी आमच्या संगणक शिक्षकांपुढे आणि हैदराबादच्याच हायटेक सिटीत नोकरी करणाऱ्या आपल्या काही माजी विद्यार्थ्यांपुढे विद्यार्थिनी होऊन बसले. ज्यांना मी कधीकाळी समास शिकवले, त्यांनी मला स्मृती आणि चकती यांतला भेद शिकवला. त्या शिकवणीत नॉर्वेतील एका वृत्तपत्राची आणि डेन्मार्कमधील एका प्रोग्रामरची हकीकत ऐकायला मिळाली. आजचे व्याख्यान तिच्याविषयी आहे. शाळेच्या सर्व्हरकडे आपण शेवटी वळू.

आधी एका शब्दाविषयी बोलते, कारण शब्द हा माझा प्रांत. संगणकात पडद्यामागे सतत जागा राहून, कोणी समोर बसलेले नसतानाही नेमून दिलेले काम करीत राहणाऱ्या प्रोग्रामला ‘डीमन’ म्हणतात. ईमेल पोचवणारा डीमन, छपाई करणारा डीमन, संकेतस्थळाची पाने देणारा डीमन. नाव ऐकून पालकांनी दचकू नये. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांच्या सहकाऱ्यांनी हे नाव वापरात आणले. त्यांच्या डोळ्यांपुढे होता तो भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांच्या विचारप्रयोगातला, दाराशी बसून वायूचे रेणू निवडणारा काल्पनिक द्वारपाल. ग्रीक भाषेतला मूळ शब्दही दुष्टपणाचा वाचक नाही. आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात गावाची वेस सांभाळणारा अदृश्य राखणदार असतो. वेताळ रात्रभर गावाभोवती फिरतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे आणि लोक त्याला नव्या वहाणा अर्पण करतात. संगणकातला डीमन याच जातकुळीचा. फरक एवढाच की, याने किती पायपीट केली आणि त्यातली किती व्यर्थ होती, हे मोजता येते.

आता ती हकीकत. ओस्लो येथून १९४५ पासून निघणारे ‘व्हेर्देन्स गांग’ हे नॉर्वेतले मोठे दैनिक. लोक त्याला ‘व्हीजी’ म्हणतात. सन २००० नंतरच्या वर्षांत त्याच्या संकेतस्थळावर वाचकांची अतोनात गर्दी होऊ लागली. अशा संकेतस्थळावर प्रत्येक वाचकासाठी बातमीचे पान नव्याने जुळवायचे म्हटले तर यंत्रे थकून जातात. म्हणून पुढे एक मध्यस्थ डीमन ठेवतात. निकालाच्या दिवशी आपण काय करतो? प्रत्येक पालकाला कार्यालयात बोलावून लेखनिकाने जनरल रजिस्टर उघडून दाखवायचे ठरवले, तर संध्याकाळपर्यंत रांग हलणार नाही. आपण निकालाची एक प्रत काढतो आणि फाटकापाशी फलकावर लावतो. संगणकाच्या भाषेत या फलकाला ‘कॅश’ म्हणतात; आपल्या लेखापालांच्या पेटीतल्या कॅशशी तिचा संबंध नाही. एकदा तयार झालेले पान फलकावर ठेवायचे, मागेल त्याला तेच द्यायचे आणि शिळे झाले की काढून टाकायचे, एवढेच या डीमनचे काम.

व्हीजीकडे हे काम ‘स्क्विड’ नावाचा डीमन करीत असे. स्क्विड म्हणजे समुद्रातली माकूळ. हा डीमन १९९० च्या दशकातला, मुक्तस्रोत, म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, बदलता येते, वाटता येते असा. त्याच्या निर्मात्यांपुढे त्या वेळी मुख्य प्रश्न वेगळा होता: इंटरनेटची महागडी, अरुंद वाहिनी अनेक जणांत पुरवून वापरायची. ते काम त्याने उत्तम केले. वृत्तपत्राच्या दाराशी उभे राहून हजारो वाचकांना एकच पान वाटणे हे त्याचे मूळ काम नव्हते. ते त्याच्यावर पुढे येऊन पडले. व्हीजीत अशी १२ यंत्रे स्क्विड चालवीत होती आणि बाराही यंत्रे दिवसभर पूर्ण क्षमतेने राबत होती.

अशा वेळी सगळीकडे एकच उपाय सुचतो: तेरावे यंत्र घ्या. व्हीजीने तो मार्ग सोडून नवा डीमन लिहून घ्यायचे ठरवले आणि त्याच्या रचनेसाठी पौल-हेनिंग काम्प या डॅनिश प्रोग्रामरला पाचारण केले. या डीमनचे नाव ‘वार्निश’. लाकडाला तकाकी आणण्यासाठी आपण मारतो, तेच वार्निश. त्याची पहिली आवृत्ती २००६ साली आली. पुढे २०१० मध्ये लिहिलेल्या एका लेखात काम्प यांनीच आकडे दिले आहेत: स्क्विडच्या १२ यंत्रांचे काम वार्निशची ३ यंत्रे करू लागली आणि त्या तिन्ही यंत्रांची सुमारे ९० टक्के प्रक्रियाक्षमता मोकळीच राहिली.

हे कसे घडले, ते मी आपल्या शाळेच्या भाषेत सांगते.

शिक्षकाचे टेबल आणि भिंतीकडेचे कपाट डोळ्यांपुढे आणा. टेबल लहान, पण त्यावरची वस्तू लगेच हाताशी येते. ही संगणकाची स्मृती. कपाट प्रशस्त, पण तिथपर्यंत जाऊन येण्यात वेळ मोडतो. ही चकती, म्हणजे डिस्क. या दोहोंमध्ये ये-जा करायला आपले शिपाईमामा आहेत. टेबल भरले की बराच वेळ कोणी हात न लावलेली वही ते आपण होऊन कपाटात ठेवतात आणि बाईंनी मागितली की आणून देतात. वही टेबलावर आहे की कपाटात, याची बाईंना फिकीर नाही. संगणकात शिपाईमामांचे हे काम कर्नेल करतो. कर्नेल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. लष्करातला अधिकारी नव्हे. या व्यवस्थेला आभासी स्मृती म्हणतात. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात ती १९६२ सालीच होती. म्हणजे आपल्या शाळेच्या कोनशिलेहून ती जुनी.

आता अशी कल्पना करा की, बाईंचा शिपाईमामांवर भरवसा नाही, किंवा ते हे काम करतात हे त्यांच्या गावीच नाही. त्या स्वतः हिशेब ठेवतात: ही वही बराच वेळ लागलेली नाही, तर ती मी माझ्या ट्रंकेत ठेवते. त्या वही मागतात. पण शिपाईमामांनी तेच ताडून ती आधीच कपाटात ठेवलेली असते. मग ते टेबलावरची दुसरी एखादी वही उचलतात, तिला कपाटात पोचवतात, रिकाम्या जागी पहिली वही आणून ठेवतात. आणि बाई ती घेऊन ट्रंकेत टाकतात. थोड्या वेळाने तीच वही लागते. आता ट्रंकेतून काढून ती पुन्हा टेबलावर आणायची, त्यासाठी पुन्हा जागा करायची, पुन्हा कपाटाकडे फेरी. दिवसअखेर दोघेही घामाघूम, आणि वर्गात शिकवणे झाले किती, तर थोडेच. दोघांत आळशी कोणी नाही. उलट दोघेही अतिशय दक्ष आहेत. एका कामाला दोन धनी झाले, एवढीच अडचण.

स्क्विडचे नेमके असे होत होते. स्मृतीत काय ठेवायचे आणि चकतीवर काय पाठवायचे हे तो स्वतः ठरवी. आणि त्याच्या खाली बसलेला कर्नेलही तेच ठरवी. काम्प यांनी वार्निशमधून हा सगळा कारभारच वजा केला. वार्निश कर्नेलला सांगतो: मला एक मोठी थोरली जागा दे, तिच्यातले काय टेबलावर आणि काय कपाटात, ते तुझे तू पाहा. वेग वाढवणारी एखादी जादूची ओळ या डीमनमध्ये कोणी लिहिलेली नाही. खालचा सेवक जे काम चोख करीतच होता, ते वरच्याने सोडून दिले.

हे सोडून देणे मात्र सोपे नव्हते, आणि मला शिक्षिका म्हणून या हकीकतीत रस वाटला तो इथे. काम्प हे फ्रीबीएसडी या मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या गाभ्यावर अनेक वर्षे काम केलेले गृहस्थ. स्मृतीचे वाटप करणारा तिथला प्रोग्रामही त्यांनीच लिहिलेला. शिपाईमामा काय करतात, कधी करतात आणि काय करू शकत नाहीत, हे त्यांना आतून ठाऊक होते, म्हणून वरचे काम काढून टाकण्याचे धैर्य त्यांच्यापाशी आले. खालचा मजला ज्याने पाहिला नाही, त्याने वरच्या मजल्याची भिंत पाडायला घेऊ नये. कारभार सोपा करायला कोणीही अननुभवी माणूस चालतो, असा एक समज आहे. मला तो मुळीच पटत नाही.

आणखी काही गोष्टी त्यांनी वजा केल्या, त्याही पाहण्यासारख्या आहेत. आपल्या कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते. येणाऱ्या प्रत्येक वाचकाची नोंद डीमनही ठेवतो. रीत अशी की, प्रत्येक नोंद सुवाच्य मजकुरात मांडायची आणि कर्नेलला हाक मारून फाइलमध्ये लिहायला सांगायची. हजारो वाचक असले की या हाकांचाच खर्च डोईजड होतो. वार्निश नोंद कच्च्या स्वरूपात सामाईक स्मृतीच्या एका पट्ट्यावर टाकतो. पट्टा भरला की पुन्हा पहिल्यापासून लिहू लागतो. ज्याला नोंदी हव्या असतील त्याने वेगळा प्रोग्राम लावून त्या उतरवून घ्याव्यात. कोणी वाचणारच नसेल तर सुवाच्य लिहिण्याचे श्रम कशाला?

तसेच कच्च्या कामाच्या जागेचे. प्रत्येक वाचकाच्या मागणीसाठी डीमनला थोडी स्मृती लागते. चिमूटभर इथे मागा, चिमूटभर तिथे मागा आणि मग एकेक परत करा, यात वेळ जातो. वार्निश प्रत्येक मागणीला एक कोरी पाटी देतो. सगळी आकडेमोड तिच्यावर, आणि काम संपले की पाटी एकदम पुसायची. आपल्यापैकी ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांना पाटीची ही सोय वेगळी सांगायला नको.

एका ठिकाणी मात्र त्यांनी काम वाढवले, आणि हेही सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. कोणते पान किती वेळ ठेवायचे, कोणाला काय द्यायचे, याचे नियम संकेतस्थळाचे चालक लिहून देतात. दर मागणीच्या वेळी ते नियम वाचून अर्थ लावण्याऐवजी वार्निश सुरुवातीलाच त्यांचे ‘सी’ भाषेत रूपांतर करतो, त्यातून यंत्राची आज्ञावली तयार करवतो आणि ती आपल्यात सामावून घेतो. आरंभी जास्त कष्ट, पुढे लक्षावधी वेळा सुटका. वर्षारंभी एकदा नीट वेळापत्रक बसवणाऱ्या शिक्षकाला यात नवल वाटणार नाही.

२०१० च्या त्या लेखात काम्प यांनी पाठ्यपुस्तकांवरही बोट ठेवले आहे. फलकावरची कोणती नोंद आधी शिळी होणार हे ठरवण्यासाठी ‘हीप’ नावाची मांडणी वापरतात. ती संगणकशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जाते. १० लाख नोंदी असल्या तर वरून खाली सुमारे २० पायऱ्या. पुस्तक सांगते, पायऱ्या मोजा म्हणजे खर्च कळेल. परंतु पुस्तकात सगळ्या पायऱ्या सारख्याच धरलेल्या असतात. वस्तुतः टेबलावरची पायरी एका पावलाची, आणि कपाटापर्यंतची पायरी हजारो पावलांची. कर्नेल ४०९६ बाइटांचे एक पान या हिशेबाने सामानाची ने-आण करतो. नात्यातल्या नोंदी एकाच पानावर राहतील अशी मांडणी काम्प यांनी केली; पायऱ्या जवळजवळ तितक्याच राहिल्या, पण स्मृतीची चणचण असताना काम दहापट वेगाने होऊ लागले. गणित चुकलेले नव्हते. ज्या यंत्राचे गणित मांडले होते ते यंत्र केव्हाच इतिहासजमा झाले होते, आणि वर्गात मात्र तेच शिकवले जात होते. हे ऐकून मी आमच्या संगणकाच्या पुस्तकातला ‘संगणकाचे भाग’ हा धडा पुन्हा वाचला. त्यात स्मृती आणि चकती यांची चित्रे आहेत. त्यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्याचा उल्लेख नाही. यंदापासून आम्ही तो पाठ टेबल-कपाटाच्या खेळातून शिकवणार आहोत. इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी कर्नेल होईल. त्या भूमिकेसाठी आत्तापासून चढाओढ आहे.

या सोपेपणाची किंमत काय, हेही विचारले पाहिजे. वाचक आणि संकेतस्थळ यांच्यातला मजकूर कुलूपबंद ठेवण्याची जी सोय आज सर्वत्र लागते, ती वार्निशमध्ये घालायला काम्प यांनी नकार दिला. २०११ मध्ये त्याची कारणेही लिहून ठेवली. त्यासाठी उपलब्ध असलेला प्रोग्रामसंच फार अवजड आहे आणि त्याची गुंतागुंत मला घरात आणायची नाही, असा त्यांचा एकूण रोख होता. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्याच ओपनएसएसएल नावाच्या संचात ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष उघडकीला आला, तेव्हा त्यांच्या नकाराचे मोल पुष्कळांना पटले. पण म्हणून कुलपाची गरज संपली नाही. वार्निशच्या पुढे कुलूप सांभाळणारा आणखी एक डीमन ठेवावा लागला, आणि तो बोजा संकेतस्थळ चालवणाऱ्याच्या माथी आला. एकाचे घर नीटनेटके झाले की कधीकधी पसारा शेजाऱ्याच्या अंगणात जातो, हे नजरेआड करू नये.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. सगळे कर्नेलवर सोपवा, हा सल्ला सर्वांना लागू नाही. २०२२ मध्ये डेटाबेसच्या काही अभ्यासकांनी एका शोधनिबंधात नेमका उलट इशारा दिला: डेटाबेस लिहिणाऱ्यांनी ही वाट धरण्यापूर्वी दहादा विचार करावा. कारण उघड आहे. फलकावरची प्रत फाटली तर दुसरी लावता येते. मूळ रजिस्टर कार्यालयात आहे. पण रजिस्टरच लिहिणाऱ्याला शाई केव्हा वाळली, कोणती ओळ आधी उमटली, याची खात्री स्वतः करून घ्यावी लागते. ती शिपाईमामांच्या सवडीवर सोडता येत नाही. वार्निशला मोकळे होता आले, कारण त्याच्यापाशी जे होते ते हरवले तरी चालण्यासारखे होते.

वार्निश मुक्तस्रोत असल्याने त्याचा लाभ एका वृत्तपत्रापुरता राहिला नाही. विकिपीडियानेही पूर्वी स्क्विड वापरला आणि पुढे त्याच्या जागी वार्निश आणला. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची पाने आपली मुले प्रकल्पांसाठी उघडतात, तीही अनेक वर्षे याच फलकावरून येत आली आहेत. मात्र मुक्त म्हणजे फुकटात तयार झालेले, असे नव्हे. देखभालीसाठी लागणारा वेळ काम्प यांनी ‘नैतिक परवाना’ नावाची वर्गणी काढून मिळवला: वापरणाऱ्या कंपन्यांनी स्वखुशीने पैसे द्यावेत आणि त्यांतून त्यांनी सर्वांसाठी काम करावे. लोकवर्गणीवर ६० वर्षे चाललेल्या संस्थेला ही रीत परकी वाटू नये.

आता आपल्या सर्व्हरकडे येते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत दोन माजी विद्यार्थ्यांनी चार दिवस बसून तो तपासला. खरेदीपूर्वी मोजणी, असा त्यांचा आग्रह. काय आढळले? दोन वर्षांपूर्वी भंगारात काढलेल्या छपाईयंत्राची वाट पाहत एक डीमन अजून जागा होता. ग्रंथालयाच्या प्रोग्रामने पुस्तकांची संपूर्ण यादी स्वतःच्या स्मृतीत धरून ठेवली होती. त्याच्या खालच्या डेटाबेसने तीच यादी आपल्यापाशी ठेवली होती. आणि कर्नेलने फाइल वाचली म्हणून तिसरी प्रत ठेवली होती. तीन प्रतींनी टेबल व्यापले, आणि मुलांच्या कामाला जागा उरली नाही. त्यांनी एक प्रत ठेवली, दोन घालवल्या. निरुपयोगी डीमन बंद केले. पूर्वी संगणकाचा तास सुरू झाला की पहिली १० मिनिटे मुले पडद्याकडे बघत बसत. आता ती बसत नाहीत. त्यामुळे मोठ्या सर्व्हरची गरज मला दिसत नाही, असे मी अभिप्रायात लिहिले आहे.

कागदाच्या कामातही हाच प्रकार आहे. विद्यार्थ्याची हजेरी आज वर्गशिक्षक हजेरीपटावर लिहितात, तीच शासनाच्या संकेतस्थळावर भरतात आणि तीच महिनाअखेरीस आमच्या कार्यालयासाठी तक्त्यात उतरवतात. पहिल्या दोन नोंदी बंधनकारक आहेत. तिसरी आमची आम्हीच लावून घेतलेली होती. ती जूनपासून बंद झाली आहे. वाचलेला वेळ वर्गात जावा, अशी माझी अपेक्षा आहे आणि मी ते पाहणार आहे.

पण याच युक्तिवादाचे टोक आपल्याकडेही वळते, आणि ते टाळून मी पुढे जाणार नाही. काही पालक मला सौम्य शब्दांत आणि काही माजी विद्यार्थी स्पष्ट शब्दांत सांगतात की, बाई, या शहरात मराठी माध्यम हेच जादा ओझे आहे. बाहेर तेलुगू, बाजारात दखनी, नोकरीत इंग्रजी. मग मधला हा एक थर काढला तर मुलांची वाट सोपी होणार नाही का? पटसंख्येचा उतार मला दररोज दिसतो, त्यामुळे हा प्रश्न मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. तरी याच हकीकतीची कसोटी लावून पाहा. काम्प यांनी काढून टाकले ते काम खाली दुसरा कोणी तरी आधीच करीत होता, आणि अधिक चांगले करीत होता. इंग्रजी शिकवणारे या शहरात गल्लोगल्ली आहेत. तेलुगू आणि दखनी मुले रस्त्यावर आपोआप उचलतात, आणि ती त्यांनी उचलावीच. नांदेड-लातूरकडून पोटापाण्यासाठी इथे आलेल्या घरातल्या मुलाला मराठीत विचार मांडायला, वाद घालायला, पत्र लिहायला दुसरे कोण शिकवते? माझ्या माहितीत तरी कोणी नाही. दोन धनी असतील तर एकाने बाजूला व्हावे. जिथे एकच आहे, तिथे तो बाजूला झाला की काम सोपे होत नाही, ते बंद पडते. इंग्रजी चांगले शिकवण्याची आमची जबाबदारी त्याने कमी होत नाही. तिथे आमच्याकडून पालकांना आणखी हवे आहे आणि ते हवे असणे योग्य आहे.

एक दुहेरी काम मात्र मी नव्याने सुरू करायला सांगितले आहे. सर्व्हरसाठी धरलेल्या रकमेतून एक लहान भाग वीज गेल्यावर यंत्र नीट बंद होईल अशा बॅटरीसाठी आणि एक भाग दोन स्वतंत्र चकत्यांसाठी मागितला आहे. त्यांतली एक शाळेच्या इमारतीबाहेर राहील. त्यांच्यावर जनरल रजिस्टरांच्या प्रती ठेवायच्या आहेत. शाळेच्या पहिल्या काही वर्षांची रजिस्टरे आता हात लावताच कडेने तुटतात. आपल्यापैकी अनेकांच्या जन्मतारखेचा, आणि काहींच्या वडिलांच्या मूळ गावाचा, हाच एकमेव कागदोपत्री पुरावा आहे. दाखल्यासाठी दरवर्षी लोक येतात. फलकावरच्या प्रती कितीही जाऊ देत. हे जाता कामा नये.

छायाचित्रे घेण्याचे काम येत्या महिन्यापासून शनिवारी सकाळी १० ते १२ या वेळात संगणक कक्षात चालेल. कॅमेरा आणि दिवे मिळाले आहेत. त्या काळच्या लेखनिकांचे अक्षर ओळखणारी, आडनावे व गावांची नावे नीट वाचू शकणारी ज्येष्ठ माजी विद्यार्थी मंडळी हवी आहेत. आणि छायाचित्रांतल्या नोंदी संगणकावर उतरवून त्या पडताळणारे तरुण हवे आहेत. नावनोंदणीची वही कार्यालयात ठेवली आहे. ती एकच आहे.